आठ महिने ट्रेलरमधले: लाईट पुरली, पाण्यानं शिकवलं

दिवाळीनंतर घेतलेला आमचा छोटा ट्रेलर आज जूनअखेर दारात उभा आहे, चाकांच्या वरपर्यंत काळ्या मातीनं लिंपलेला. आठ महिन्यांत तेवीस रात्री आम्ही नवराबायकोनं त्यात काढल्या. मुक्काम कायम वीजजोडणी नसलेल्या जागी: ओळखीच्या कुणाचं शेत, नाहीतर मालकाला विचारून एखादं माळरान. घेताना मला धास्ती होती ती विजेची. तिच्यासाठी उगाच झोप घालवली.

आधी सामान सांगतो. दहा फुटी, एका एक्सलचा, भरल्यावर साडेसातशे किलो. ओढायला बोलेरो. आत दोन बाकं, रात्री त्यांचाच पलंग होतो. मागचं झाकण उचललं की ओटा. 80 लिटरची पाण्याची टाकी, 45 लिटरचा बारा व्होल्टचा फ्रिज, छतावर 200 वॅटचं सोलर पॅनल आणि 100 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. ट्रेलरला गाडीपेक्षा वेगळा आरटीओ नंबर लागतो, तेव्हा बनवणाऱ्याकडून कागद हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

थंडीत सगळं कसं झकास चाललं. जानेवारीत पैठणच्या नाथसागराच्या बाजूला एका शेतात तीन रात्री काढल्या. सकाळी लांबवर पाण्यात रोहित पक्ष्यांची फिकट गुलाबी रांग, दुपारी बांधावर आगटी पेटवून हुरडा. फ्रिज, 28 वॅटचा पंखा, दोन दिवे आणि मोबाईल मिळून दिवसाला 500 वॅट-अवरच्या वर खर्च गेला नाही. बॅटरीत मावतात 1280. म्हणजे एखादा दिवस ढगाळ गेला तरी चिंता नाही.

मग मे आला. महिन्याच्या मध्याला आपल्याकडे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. मला वाटलं, आता पॅनल नुसतं वीज ओतणार. येडशीजवळ मुक्काम होता. साडेबाराला मीटर बघितला तर चार्जिंग शून्य. वायरी हलवल्या, फ्यूज काढून पाहिला, कपाळाचा घाम पुसला. बाकाखालच्या बॅटरीच्या पेटीला हात लावला तर पेटी तव्यासारखी. बनवणाऱ्यानं बॅटरी बाहेरच्या पत्र्याला चिकटवून बंद पेटीत बसवली होती, हवेला जागाच नाही. 55 अंशांच्या वर गेली की ही बॅटरी स्वतःला जपायला चार्जिंग तोडते. उन्हानंच सोलर बंद पाडलं! फोन केला तर तो म्हणतो, ‘साहेब, असली तक्रार पहिल्यांदाच ऐकतोय.’ शेवटी मीच पेटी पत्र्यापासून बाजूला हलवली, जाळी लावली आणि कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे बसवले. त्यानंतर एकदाही तुटलं नाही.

दुसरी गंमत सावलीची. माणसाला मे महिन्यात लिंबाखाली बसायचं असतं, पॅनलला उघड्यावर. एका फांदीची सावली पडली तरी वीज धाडकन उतरते. म्हणून छतावरच्या पॅनलवर विसंबू नका. एक सुटं पॅनल आणि दहा मीटर वायर घ्या, ट्रेलर झाडाखाली आणि पॅनल बांधावर. मी आधी घरातली 1.5 चौरस मिलिमीटरची वायर जोडली, तर थोडी वीज वायरीतच मुरली. 4 ची घेतल्यावर फरक लगेच मीटरवर दिसला.

आता पाणी. पहिल्या सहलीत 80 लिटर दुसऱ्या संध्याकाळी संपले. नळ सोडला की पंप घुर्र करतो आणि नुसते हात धुवायला लिटरभर जातं. पुढच्या खेपेला बायकोनं काही न बोलता पंपाचं बटण बंद केलं आणि घरून आणलेली कळशी व तांब्या ओट्यावर ठेवला. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा तिनं जे अंगी बाणवलं ते अजून सुटलेलं नाही. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांच्या पहिल्या हाताला, तेच पुढं झाडाच्या आळ्यात. आंघोळ चार-चार लिटरची. दिवसाला दोघांत सोळा लिटर, टाकी पाच दिवस पुरली. मे महिन्यात नुसतं पिण्यालाच दहा लागायचे, तेव्हा तीनच दिवस. टाकीतलं पाणी दुपारी चहाला लावण्याइतकं तापतं, म्हणून आम्ही माठ नेतो. सिंकमध्ये चुंबळ टाकली की माठ असा घट्ट बसतो की सौताड्याच्या रस्त्यालाही हलला नाही. नळाखाली हात धुवायला नव्हे, माठासाठीच सिंक केलंय असं आता वाटतं.

टाकी मुळात एक्सलच्या मागं होती. भरली की पुढच्या हुकवरचा भार कमी होऊन सत्तरच्या वेगाला ट्रेलर शेपूट हलवल्यासारखा डुलायचा. एक्सलच्या वर आणल्यावर शांत झाला. घेतानाच हे वाकून बघा.

कच्च्या रस्त्याला धूळ मागच्या दारातून आत ओढली जाते. चालत्या ट्रेलरच्या मागं हवेचा दाब कमी होतो म्हणून. दाराला दुहेरी रबर लावलं, तरी चादरी झटकाव्या लागतातच. पोर्टेबल टॉयलेट तीन दिवसांत भरतं. ते शेतमालकाच्या सेप्टिक टँकमध्येच रिकामं करायचं, ओढ्यात अजिबात नाही.

पाटोद्याकडं एका शेतात एक म्हातारी बराच वेळ ट्रेलरभोवती फिरली आणि म्हणाली, ‘काय ओ, घरदार न्हाई का तुमाला?’ तिचा मुलगा-सून तेव्हा कारखान्याकडं ऊसतोडीला गेले होते, पाचटाच्या कोपीत, लाईटीविना, पाच महिन्यांसाठी. मी हौस म्हणून आलोय हे तिला सांगायला जीभ उचलली नाही. ‘सुट्टी आहे,’ एवढंच म्हटलं.

आणि ही माती. पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशी मी शेतात ट्रेलर घातला. शंभर फूट गेलो असेन, चाकांना माती अशी गोळा झाली की ती फिरेनात, नुसती घसरायला लागली. शेवटी ट्रॅक्टर बोलावला. ट्रॅक्टरवाला हसून म्हणाला, ‘काका, वाफसा तरी येऊ द्यायचा.’ म्हणजे चिखल सुकून जमीन चालण्याजोगी होऊ द्यायची. पावसाळ्यात मुरमाड जमीन बघूनच थांबायचं, हे वयाच्या पन्नाशीत कळलं.

ऑगस्टमध्ये म्हैसमाळला जायचं ठरलंय. तोवर छताच्या एका रिव्हेटमधून थेंब गळतोय तो बुजवायचा आहे. दोनदा सिलिकॉन लावलं, थेंब काही थांबेना. सध्या खाली वाटी ठेवली आहे.