हाय टिबियल ऑस्टिओटॉमी: वर्ष होत आलं, गुडघ्यात नेमकं काय बदललं?

सोलापुरात गुडघेदुखीवर साधारण दोनच सल्ले ऐकायला मिळतात: तेल चोळा, नाहीतर सांधा बदला. या दोहोंच्या मध्ये एक शस्त्रक्रिया आहे: हाय टिबियल ऑस्टिओटॉमी, म्हणजे नडगीचं हाड कापून गुडघ्यावरचा भार झिजलेल्या बाजूवरून हलवणं. माझ्या उजव्या गुडघ्यावर ती होऊन आता वर्ष होत आलं. तिच्याबद्दल नीट माहिती असलेली माणसं आजूबाजूला फार कमी भेटली, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा. वय पन्नाशीच्या आत. दिवसभर फरशीवर उभं राहायचं आणि माग अडला की उकिडवं बसून खाली हात घालायचा. पाय मूळचेच गुडघ्यात बाहेर वाकलेले. झीज फक्त आतल्या बाजूची. बाहेरची कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत थर, चांगली; हाडांना बांधून ठेवणारे बंध, म्हणजे लिगामेंट, शाबूत. सहसा असा गुडघा असेल तर या शस्त्रक्रियेचा विचार करतात. संधिवाताने सगळाच सांधा खराब झाला असेल तर ही आपली वाट नव्हे.

पहिल्या ठिकाणी मला झोपवून फक्त गुडघ्याचा एक्स-रे काढला. त्यावरून काही ठरवता येत नाही. खुब्यापासून घोट्यापर्यंत अख्ख्या पायाचा, उभं करून काढलेला एक्स-रे लागतो. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत ओढलेली रेषा गुडघ्यातून कुठून जाते, ते त्यात दिसतं. माझी रेषा पार आतल्या कडेला गेली होती, म्हणजे प्रत्येक पावलाचा भार झिजलेल्या बाजूवर.

शस्त्रक्रियेत सांध्याच्या खाली नडगीचं हाड आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे, वरच्या दिशेने तिरकं कापतात. बाहेरच्या कडेला थोडं हाड बिजागरीसारखं शिल्लक ठेवतात, पाचरीएवढी फट उघडतात आणि प्लेट-स्क्रूने पक्की करतात. भाररेषा त्यामुळे बाहेर सरकते. नडगीच्या माथ्याची रुंदी आतून बाहेर 100 धरली तर रेषा 62 च्या आसपास आणायची, हा जुना दंडक. झीज कमी असेल तर कमी सरकवतात. गेलेली कूर्चा पूर्वीसारखी परत येत नाही. भार उतरल्यावर त्या जागी तंतुमय कूर्चेचा थर काही रुग्णांत दिसतो, पण मूळ कूर्चेची सर त्याला नाही. माझं दुखणं कमी झालं ते भार हलल्यामुळे.

समोरून पाय सरळ दिसला म्हणजे काम चोख झालं, असं मात्र नाही. नडगीचा माथा मुळात मागे थोडा उतरता असतो. हाडाची आतली बाजू तिरकी असल्यामुळे फट पुढे आणि मागे सारखीच उघडली तर हा उतार वाढतो. मग नडगी पुढे घसरू पाहते आणि तिला पुढे सरकू न देणाऱ्या, गुडघ्याच्या आतल्या पुढच्या क्रूसिएट लिगामेंटवर ताण येतो. म्हणून फट पुढे कमी, मागे जास्त ठेवावी लागते. 1960 च्या दशकात ही शस्त्रक्रिया रूढ झाली तेव्हा बाहेरून हाडाची पाचर काढून फट मिटवत. त्यात उलट होतं: उतार कमी होतो आणि पाय किंचित आखूड होतो. उघडण्याच्या पद्धतीत तो किंचित लांब होतो.

वाटीचंही तसंच. वाटीखालचा स्नायुबंध नडगीच्या पुढच्या उंचवट्याला जोडलेला असतो. काप उंचवट्याच्या वरच्या बाजूने गेला की उंचवटा खाली सरकतो आणि त्याच्यासोबत वाटीही खाली ओढली जाते. उंचवटा वरच्या तुकड्यासोबत ठेवणारा काप घेतला तर हे टळतं. माझ्या वेळी काप वरच्या बाजूने गेला. जिना उतरताना वाटीमागे दाब यायचा, तो कितीतरी महिने राहिला. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम नेटाने केले तेव्हा कमी झाला. हे आधी स्पष्ट सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. सर्जनला उतार आणि वाटीची उंची विचारायला अजिबात लाजू नका.

सुरुवातीचे आठवडे वॉकर, मग कुबडी. पायावर पूर्ण भार द्यायला एक्स-रे पाहूनच परवानगी मिळाली. तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो, त्यामुळे मावा बंद करावा लागला. आमच्या कारखान्यांत हे सांगणं सोपं आणि करणं अवघड, पण इथे तडजोड नको.

आता शिफ्ट पूर्ण उभं राहून होते आणि रात्रीची आतली ठणक गेली. यंदा सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत 68 लिंगांच्या वाटेवर नंदीध्वजांमागे बराच वेळ चाललो. त्याचा आनंद मला शब्दांत मांडता येणार नाही. उकिडवं बसणं अजून जड जातं. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला एक पट्टा बधिर आहे. पुढे कधी सांधा बदलावा लागला तर तो बदलता येतो, फक्त बदललेला उतार आणि जुना व्रण सांभाळून काम करावं लागतं.

प्लेटवर कातडी पातळ असल्याने मांडी घातली की ती टोचते. पुढच्या एक्स-रेत फट हाडाने पूर्ण भरलेली दिसली तर मी प्लेट काढून घेणार आहे.