कासवाच्या पिल्लासाठी बनवून घेतलेली बंद पेटी: चार महिन्यांचा अनुभव

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या घरी गेल्या नोव्हेंबरपासून रेड-फुटेड, म्हणजे मूळच्या दक्षिण अमेरिकेतील लाल पायांच्या कासवाचे एक पिल्लू वाढत आहे. त्याच्यासाठी वागळे इस्टेटमधील एका छोट्या कारखान्यातून आम्ही पेटी बनवून घेतली, तिच्याबद्दल हे लिहीत आहे. (आपल्याकडचे स्टार कासव वन्यजीव कायद्याने संरक्षित असून ते घरात पाळणे गुन्हा आहे, परदेशी जातीचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. त्यामुळे पेटीच्या आधी कागदपत्रे पाहावीत.)

पिल्लू आणले तेव्हा दुकानदाराने उघडी काचेची टाकी, रंगीत खडी आणि लाल बल्ब असा संच हाती दिला होता. त्या टाकीत सकाळी ओली केलेली जागा संध्याकाळपर्यंत कोरडी पडे आणि पिल्लू दिवसभर काचेला नाक घासत फिरे. खडी तर पहिल्याच दिवशी काढून टाकली, कारण पिल्ले ती गिळतात आणि आतडे तुंबते. कासवाच्या कवचावर उंचवटे येतात ते जास्त प्रथिनांमुळे, असे पुष्कळ जण सांगतात. परंतु २००३ साली प्रसिद्ध झालेल्या सल्काटा या आफ्रिकी कासवाच्या पिल्लांवरील अभ्यासात प्रथिनांपेक्षा हवेतील कोरडेपणाचाच परिणाम अधिक दिसला होता. रेड-फुटेड तर दमट रानातले, त्याच्या पिल्लाला ७० ते ८० टक्के आर्द्रता हवी.

नवी पेटी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच आणि पीव्हीसी फोम शीटची आहे. लाकूड या ओलाव्यात फुगले असते. समोर सरकत्या काचा असल्या तरी खालची सहा इंचांची पट्टी अपारदर्शक ठेवली आहे आणि तेवढ्याने पिल्लाचे काचेवर घासणे थांबले. तळाला चार इंच ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर वाळलेली पाने, लपायला नारळाची अर्धी करवंटी. डिसेंबरातल्या कोरड्या दुपारीसुद्धा आर्द्रतामापक ७५ च्या खाली उतरला नाही. थर्मोस्टॅटवर चालणाऱ्या सिरॅमिक हीटरमुळे एका टोकाला ३१ अंश आणि दुसऱ्या टोकाला २६ अंश तापमान राहते. हा हीटर उजेड देत नाही, त्यामुळे तो रात्रीही चालू ठेवता येतो.

एक चूक मात्र गंभीर होती. ओलावा लागू नये म्हणून कारागिराने यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणाऱ्या, ट्यूबखाली साध्या अ‍ॅक्रिलिकचा तुकडा बसवला होता. ट्यूब लख्ख पेटलेली दिसत होती, पण एका परिचितांचे यूव्ही मोजणारे यंत्र पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर धरले तर आकडा शून्य! काच आणि साधे अ‍ॅक्रिलिक हे किरण अडवतात, आणि त्यांच्याशिवाय शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही. मग कॅल्शियम कितीही घातले तरी कवच मऊच राहते. कारागिराने दुसऱ्याच दिवशी घरी येऊन, एक पैसाही न घेता, ट्यूब आतल्या बाजूला बसवून दिली आणि हीटरभोवती जाळी लावली, म्हणून त्याचे काम मी मनापासून चांगलेच म्हणेन. तरीही पेटी ताब्यात घेतानाच ही गोष्ट प्रत्येकाने तपासून घ्यावी. ट्यूब वर्षभराने बदलावी लागते, कारण उजेड तसाच दिसत असला तरी यूव्हीबी कमी झालेले असते.

रोज सकाळी पसरट ताटलीत, हनुवटीपर्यंत येईल एवढ्या कोमट पाण्यात, पंधरा मिनिटे त्याला बसवतो. ते मान खाली घालून सावकाश पाणी पिते. खायला जास्वंदीची पाने-फुले, तुतीचा आणि शेवग्याचा पाला, अधूनमधून पपई, आणि कुरतडायला समुद्रफेनाचा तुकडा. आणले तेव्हा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३१ ग्रॅम भरले होते, काल ५८ भरले. कवचाच्या नव्या वाढीच्या कडा सपाट आहेत. दुपारी ते कोकोपीटमध्ये शिरते आणि फक्त नाकाचे टोक बाहेर ठेवून झोपते.