पिंप वाजवून पाहिलं होतं, तरी फसलो

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून द्राक्षमळ्यांच्या भागात चार दिवस राहायचं, मनात येईल त्या वायनरीत डोकवायचं, एवढाच बेत होता. पहिल्याच दिवशी एका टूरवाल्याने गाठलं. 'फक्त जोडप्यांसाठी' सहल, जुना मळा, तळघरातल्या पिंपातून थेट चाखायला वाइन. आम्ही आगाऊ पैसे भरून मोकळे झालो.

माणूस माहितगार होता, हे नाकारत नाही. ओळींच्या टोकाला गुलाब का, तर भुरी हा बुरशीचा रोग आधी त्यावर दिसतो म्हणून लावायची जुनी पद्धत. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीने युरोपातले बहुतेक मळे मारले आणि अमेरिकी खुंटांवर कलमं करून ते पुन्हा उभे राहिले, हेही त्याने छान रंगवून सांगितलं. सगळं खरं. त्या खऱ्यात त्याने हळूच सरकवलं, की या वेली दीडशे वर्षांच्या आहेत. खोडं माझ्या मनगटापेक्षा बारीक होती! पण एवढं खरं बोलणारा माणूस एवढ्यासाठी कशाला थाप मारेल, असं वाटलं. नंतर वाचलं, 'जुन्या वेली' या शब्दांना बहुतेक देशांत कायद्याची व्याख्याच नाही. लेबलवरच्या 'रिझर्व्ह' या शब्दाचंही तेच. स्पेनमध्ये 'रेझेर्वा' लिहायला लाल वाइन किमान तीन वर्षं मुरलेली लागते, त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात. अनेक देशांत मात्र 'रिझर्व्ह' कोणीही छापावं.

मग तळघर. मंद दिवे, ओकची पिंपं, हलकं संगीत. तोडणीचा हंगाम होता. या दिवसांत खऱ्या वायनरीत पाय ठेवायला जागा नसते: क्रेट उतरत असतात, पाइपांनी फरशी धुणं चालू असतं, आंबणाऱ्या रसाचा वास नाकात भरतो, चिलटं घोंगावतात. इथे फरशी कोरडी ठणठणीत, वास फक्त फर्निचर पॉलिशचा. नवऱ्याने एका पिंपावर बोटाच्या पेराने टकटक केलं. "अगं, रिकामं आहे हे. आणि बुचाभोवती बघ, वाइनचा एक डाग नाही." पिंप वरचेवर भरून घ्यावं लागतं, त्यामुळे लाल वाइनच्या पिंपाचं तोंड जांभळं झालेलं असतंच. मी म्हटलं, "गप रे, सुट्टीवर आलोय." ते वाक्य मला अजून ऐकवलं जातं.

चाखायला मिळालेली वाइन उत्तम होती, पण ती पिंपातून नाही, आतून जगमधून आली. सहा पेले झाले. चढू नये म्हणून चाखलेली वाइन थुंकायला भांडं ठेवतात, ते टेबलावर नव्हतंच. तेव्हा आम्हाला ते रसिकतेचं लक्षण वाटलं. सहाव्या पेल्यानंतर कागद पुढे आला: बारा बाटल्यांचा खोका घरपोच, सवलतीसाठी फक्त इथे सही. मी सही केली, नवऱ्याने कार्डाचा पिन दाबला. बारीक अक्षरात लिहिलं होतं, की आम्ही त्यांच्या क्लबचे सभासद झालो आहोत आणि दर तीन महिन्यांनी सहा बाटल्यांचे पैसे कार्डावरून आपोआप कापले जातील. ते घरी येऊन, दुसऱ्यांदा पैसे गेल्यावर वाचलं.

खोका आला. वाइन पातळ, आंबट, त्या दिवशीची नव्हेच. मागच्या लेबलवर 'यांच्यासाठी बाटलीबंद' आणि भलत्याच गावाचा पत्ता. जिथे द्राक्षं पिकली तिथेच बाटली भरली असेल तर वायनरी ते अभिमानाने छापते. फ्रेंच बाटलीवर 'मी आं बुतेय ओ शातो' असतं ते हेच. आम्ही गेलो ती वायनरीच नव्हती. मळा कोणाचा तरी, तळघर म्हणजे सजवलेलं दुकान.

बँकेने कार्ड बंद करून पुढची कापाकापी थांबवली. पहिल्या रकमेबाबत मात्र सही आणि पिन दोन्ही आमचेच, म्हणून हात वर केले. टूरवाल्याचा फोन लागत नाही. तुम्ही अशा सहलीला निघालात तर पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: वाइन बनते ती टाकी दाखवणार का? आंबवण सुरू असताना तिथे कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हणून आत सोडणार नाहीत, ते योग्यच. पण लांबून दाखवायला काय हरकत? आणि सही कशावरही असो, दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर.

अकरा बाटल्या अजून पलंगाखाली आहेत.