पोडोल्स्कचं नट-बोल्टचं दुकान: गोस्त घ्यावं की डिन?

मॉस्कोच्या दक्षिणेला पोडोल्स्कमध्ये दीड वर्षापासून मी स्टील शेडच्या उभारणीवर सुपरवायझर आहे. साइटपासून दहा मिनिटांवर मेतीझीचं दुकान आहे. नट, बोल्ट, वॉशर सगळ्याला इथे मेतीझीच म्हणतात आणि माल किलोवर मिळतो.

गोस्त म्हणजे रशियन मानक, डिन म्हणजे जर्मन. दोन्हींचे आटे मेट्रिकच. डिनचा नट गोस्तच्या बोल्टवर हाताने चढतो. ताकदीचा वर्गही तोच, 8.8 म्हणजे 8.8. घोळ होतो तो माथ्यात. एम12 चा, म्हणजे 12 मिमी जाडीचा बोल्ट गोस्त 7798-70 चा असेल तर पाना 18 मिमीचा, डिन 933 चा असेल तर 19 चा. एम10 ला 16 आणि 17. एम22 ला उलटं, गोस्त 34 तर डिन 32. एम16 आणि एम20 ला मात्र काळजी नाही, दोन्हीकडे 24 आणि 30.

सुरुवातीला दुसऱ्या एका दुकानातून मी पाच किलो एम12 आणले होते. पिशवीत दोन्ही जातींची सरमिसळ. इथल्या फिटरकडे 17-19 चा पाना हमखास असतो. 18 च्या माथ्यावर 19 चं तोंड घसरलं, कोपरे गोल झाले. पर्लिनचे (छताचे पत्रे ज्यावर बसतात त्या आडव्या पट्ट्यांचे) अकरा बोल्ट ग्राइंडरने कापून काढावे लागले, तेही थंडीत शिडीवर उभं राहून. त्या पोरांचे हात बघवत नव्हते.

या दुकानात प्रत्येक खणावर मानकाचा नंबर आहे. शंका आली की काउंटरवरच्या बाई स्वतः माथ्याला व्हर्नियर लावून दाखवतात. चिठ्ठी कशी लिहायची तेही त्यांनीच शिकवलं: बोल्ट एम12×60.58 (एस18) गोस्त 7798-70. यातला 58 म्हणजे 5.8 चा वर्ग आणि एस18 म्हणजे पान्याचं माप. एवढं लिहिलं की चुकीचा माल येत नाही.

एक उणीव आहे. गोस्तमध्ये इथे बहुतेक 5.8 च असतो, त्यामुळे 8.8 लागला की मी डिन घेतो. तो घेतानाही बघून घ्या. 933 ला माथ्यापर्यंत आटे असतात, 931 ला दांड्याचा काही भाग गुळगुळीत. जिथे बोल्टवर कातर येते, म्हणजे दांडा आडवा कापणारा जोर येतो, तिथे भोकात गुळगुळीत दांडाच हवा, म्हणून तिथे मी 931 च लावतो.

परवा एम12 चे आठ किलो आणले. सगळे 18 चे निघाले.