‘थेंबभर तेल पीत नाही’ असं सांगून विकलेली रोटरी

पिस्टनच्या गाडीबद्दल कोणी म्हणालं की ‘थेंबभर तेल पीत नाही’, तर ते कौतुक असतं. माझदाच्या जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या रोटरीबद्दल, म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणाऱ्या इंजिनाच्या गाडीबद्दल, हेच वाक्य कानावर आलं, तर पैसे खिशात ठेवा आणि परत फिरा. मेलबर्नमध्ये ज्याने मला १९८२ ची आरएक्स-७ विकली, त्याने हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवलं होतं. इथे आणि ऑकलंडला या गाड्यांच्या शोधात असलेले आपले बरेच जण मी ओळखतो. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी तेलाचं. या गाडीतल्या १२ए इंजिनात पिस्टन नसतात. दोन त्रिकोणी रोटर असतात आणि प्रत्येक रोटरच्या तिन्ही टोकांना एपेक्स सील, म्हणजे दाब अडवून धरणारी पट्टी. ही सीलं हाऊसिंगच्या, म्हणजे रोटरभोवतालच्या कवचाच्या, क्रोम चढवलेल्या भिंतीवर सतत घासत फिरतात. तिथे तेल पोचावं म्हणून माझदाने इंजिनाच्या पुढच्या कव्हरवर छोटा मीटरिंग पंप दिला. इंजिनाच्या तळातल्या संपमधलंच इंजिन ऑइल घेऊन तो दोन बारीक नळ्यांनी कार्ब्युरेटरमध्ये सोडतो, आणि थ्रॉटलला जोडलेल्या दांडीमुळे पाय दाबाल तसं तेलाचं प्रमाण वाढतं. ते तेल पेट्रोलबरोबर जळून जातं. त्यामुळे डिपस्टिकवरची पातळी हळूहळू उतरणं हे या इंजिनाचं निरोगी लक्षण आहे. काही जण हा पंप काढून टाकतात आणि टाकी भरताना दर वेळी टू-स्ट्रोकचं तेल मिसळतात, साधारण शंभर भाग पेट्रोलला एक भाग. तेही चालतं, पण गाडी चालवणाऱ्याला ते ठाऊक हवं.

माझ्या गाडीवरचा पंप काढून तिथे ॲल्युमिनियमची पट्टी बोल्टने बसवलेली होती. विकणाऱ्याने पंपाचं नाव काढलं नाही आणि तेल मिसळायचंही सांगितलं नाही. ‘फक्त चांगलं पेट्रोल घाल, बाकी काही लागत नाही,’ एवढंच म्हणाला. म्हणजे ती सीलं पहिल्या दिवसापासून कोरडी फिरत होती, आणि गाडी तेल पीत नव्हती ती त्यामुळेच. मी मूळचा नगरचा. तिथल्या व्हीआरडीई या संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेचा ‘निशांत’ या मानवरहित विमानाच्या ५५ अश्वशक्तीच्या व्हँकेल, म्हणजे रोटरी, इंजिनात वाटा होता, म्हणून या इंजिनाचं मला फार आकर्षण. हे मी त्याला मोकळेपणाने सांगितलं होतं. माणसाची आवड कळल्यावर त्याच आवडीच्या आडून त्याला लुबाडणं, याची चीड अजून जात नाही.

दुसरी लबाडी टायमिंगची, म्हणजे ठिणगी कधी पडते त्याची, आणि ती जास्त हुशारीने केलेली. या इंजिनात प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, खालचा लीडिंग आणि वरचा ट्रेलिंग. या काळातल्या १२ए ला आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू ठेवल्यावर, लीडिंगची ठिणगी शून्य अंशावर पडायला हवी, ट्रेलिंगची त्यानंतर २० अंशांनी. पुलीवर त्यासाठी दोन खाचा असतात आणि पुढच्या कव्हरवर एक पिन. डिस्ट्रिब्युटर ढिला करून जरा फिरवला की दोन्ही ठिणग्या लवकर पडू लागतात, आयडल चढतं आणि हलक्या पायाला गाडी लगेच उचल घेते. कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेलेलं इंजिन त्या दिवसापुरतं तरतरीत वाटतं. पण चढावर, इंजिनावर भार असताना, लवकर पडलेली ठिणगी डिटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा एकदम स्फोट (नॉकिंग), घडवते. पिस्टनचं इंजिन नॉकिंग थोडा वेळ सोसतं. रोटरीचं एपेक्स सील एका फटक्यातही तुटू शकतं.

त्याने माझ्यासमोर टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) लावला, आणि पिवळी खूण पिनसमोर बरोबर उभी राहिलेली दाखवली. खूण खोटी होती. मूळ खाच ग्रीस आणि काळ्या रंगाने बुजवून शेजारी नवी पिवळी रेघ ओढली होती. पुढे रोटरीच्या जाणकार मेकॅनिकने पुली ब्रेक क्लीनरने पुसली, तेव्हा खरी खाच दिसली आणि ठिणगी दहा अंशांहून जास्त लवकर पडत असल्याचं कळलं. टायमिंग बघायला जाल तेव्हा कापड सोबत न्या. रंगावर जाऊ नका, लोखंडात कापलेली खाच शोधा.

कॉम्प्रेशनचा कागदही होता. त्यावर प्रत्येक रोटरपुढे एकच आकडा, आणि तो चांगला. साधा पिस्टनचा गेज तिन्ही बाजूंपैकी सर्वांत जास्त दाब तेवढा धरून ठेवतो. एक सील मेलेलं असलं तरी त्याला पत्ता लागत नाही. त्यात चेंबरमध्ये आधी तेल ओतलं की आकडा आणखी फुगतो. खऱ्या रोटरी टेस्टरच्या कागदावर सहा आकडे असतात, दोन्ही रोटरच्या तिन्ही बाजूंचे, आणि क्रँकिंगचा, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवतानाचा, वेगही लिहिलेला असतो. २५० आरपीएमला साधारण ८५ पीएसआयच्या खाली गेलेलं १२ए संपत आलेलं समजा.

मी पोचलो तेव्हा गाडी आधीच गरम करून चालू ठेवलेली होती, आणि मी निघेपर्यंत त्याने ती बंद होऊ दिली नाही. सीलं झिजलेली रोटरी थंड असताना सुरू होते. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी स्टार्टर मारला की रडते. तुम्ही ती बंद करायलाच लावा.

इंजिन नुकतंच बांधल्याचे म्हणून दाखवलेले फोटो दुसऱ्याच इंजिनाचे निघाले. फोटोतल्या मधल्या प्लेटवर फ्युएल इंजेक्टरची भोकं होती. कार्ब्युरेटरवाल्या १२ए ला ती असतील कुठून?

पुढे मेलबर्नजवळच्या डॅन्डेनाँग डोंगराच्या चढावर गाडीचा जोर अचानक गेला आणि एक रोटर मेला. इंजिन उघडलं तेव्हा सीलचा कोपरा तुटून एक्झॉस्टमधून निघून गेला होता आणि हाऊसिंगचं क्रोम खरवडलं होतं. सिलिंडर बोअर करून घेतो तसं हे हाऊसिंग करता येत नाही. बदलावंच लागतं, आणि १२ए चं चांगलं हाऊसिंग महाग पडतं. गाडीसोबत मिळालेलं व्हिक्टोरियाचं रोडवर्दी सर्टिफिकेट खरं होतं. पण ते ब्रेक, टायर, स्टिअरिंग अशा सुरक्षेच्या गोष्टी बघतं. इंजिनाच्या तब्येतीची हमी त्यात नसते. खासगी विक्रीत डीलरची वॉरंटीही नाही.

त्याची जाहिरात आणि माझ्याकडे आलेले सगळे मेसेज मी वकिलाकडे दिलेत. ‘नवीन बांधलेलं इंजिन’ हे शब्द त्यात त्याने स्वतः लिहिलेले आहेत. मीटरिंग पंप जागेवर आहे का, नसेल तर तेल किती मिसळायचं, आणि इंजिन कोणी, कधी बांधलं, हे प्रश्न पैसे देण्याआधी मेसेजवर विचारा आणि उत्तर लेखी आल्याशिवाय गाडी बघायलाही जाऊ नका.