अख्ख्या घरासाठी हीट पंप: डक्टवाला, डक्टलेस, पाणी गरम करणारा की जमिनीतला?

हीट पंप घ्यायचा म्हटलं की आपण आधी ब्रँड बघतो. मीपण तेच केलं, दोन आठवडे रात्री जागून स्पेक्स वाचत बसलो आणि मग डोक्यात उजेड पडला की कुठला घ्यायचा हे निम्मं तर घरानेच ठरवून ठेवलंय. घरात डक्ट (खोल्याखोल्यांत गरम हवा नेणारे पत्र्याचे मार्ग) आहेत, रेडिएटर (गरम पाणी फिरवून खोली तापवणारी भिंतीवरची पॅनेलं) आहेत, की दोन्ही नाहीत, एवढं बघितलं तरी यादी अर्धी होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरची उचलून आत आणून टाकतो, फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या बाजूला सोडतो ना, अगदी तसंच. म्हणून बाहेर ७ डिग्री असताना १ युनिट विजेत ३ ते ४ युनिट उष्णता मिळते. याला सीओपी म्हणतात. साध्या कॉइलच्या हीटरचा सीओपी कायम १. पण बाहेर उणे १५ झालं की हीट पंपाचा आकडासुद्धा २ च्या आसपास येतो, त्यामुळे ब्रोशरमध्ये ४ दिसला की आधी विचारायचं, कुठल्या तापमानाला?

डक्ट आधीपासून असतील तर डक्टवालाच बघा, दुसरीकडे जाऊच नका. जुनी फर्नेस (हवा तापवणारी भट्टी) काढली, त्या जागी एअर हँडलर (पंखा आणि कॉइलचा डबा) बसवला, बाहेर युनिट ठेवलं, उन्हाळ्याचा एसीपण त्यातच झाला. गोची एकच. फर्नेसची हवा ५० डिग्रीच्या वर येते, हीट पंपाची ३५-४० च्या आसपास, म्हणजे तेवढंच घर गरम करायला जास्त हवा फिरवावी लागते. डक्ट अरुंद असतील तर आवाज वाढतो आणि शेवटच्या बेडरूमपर्यंत हवा पोचतच नाही. आणि डक्ट माळ्यावरून जात असतील, सांधे गळत असतील, तर तुम्ही पैसे मोजून माळा गरम करताय. आधी डक्टची टेस्ट, मग मशीन.

डक्टलेस म्हणजे स्प्लिट एसीसारखे डबे भिंतीवर. तोडफोड कमी, प्रत्येक खोलीचं तापमान वेगळं ठेवता येतं. पण अख्ख्या घरासाठी एक मोठं आउटडोअर आणि त्यावर पाच इनडोअर असा जो मल्टी-स्प्लिट खपवतात ना, त्याच्यापासून मी तरी लांब राहीन. त्या आउटडोअरला ठरावीक मर्यादेखाली हळू चालता येत नाही, आणि रात्री एकाच छोट्या खोलीला थोडीशी गर्मी हवी असेल तर ते सारखं चालू-बंद होत बसतं. त्यापेक्षा दोन-तीन सुटे सिंगल परवडले. बाथरूमचं काय करायचं हा प्रश्न मात्र उरतोच, आणि नळाला गरम पाणीही यातून येत नाही, त्याची सोय वेगळी.

रेडिएटर किंवा फ्लोअर हीटिंग असेल तर पाणी गरम करणारा घ्या. टाकी जोडली की अंघोळीचं पाणीपण त्यातूनच. इथे सगळा खेळ पाण्याच्या तापमानाचा आहे. रेडिएटरचं पाणी तापवणारा जुना बॉयलर ७० डिग्रीचं पाणी पाठवतो, हीट पंपाला ३५ ते ५० मध्ये ठेवलं तर तो खूश, तापमान त्याहून वर नेलं की प्रत्येक डिग्रीमागे साधारण २-३ टक्के एफिशियन्सी जाते. आपलं घर चालेल का हे फुकटात कळतं. ऐन थंडीच्या आठवड्यात आहे त्याच बॉयलरचं हीटिंगच्या पाण्याचं तापमान ५० वर आणा आणि दोन दिवस राहून बघा. घर उबदार राहिलं तर काही बदलायला नको, दोनच खोल्या गार पडल्या तर त्या दोनच रेडिएटर मोठे करा. मी हे केलं तेव्हा फक्त हॉल गार पडला, आणि आमच्याकडे एका कॉन्ट्रॅक्टरने सगळेच रेडिएटर बदलायचं कोटेशन आधीच देऊन ठेवलं होतं!

जमिनीतला, म्हणजे हवेऐवजी जमिनीतून उष्णता उचलणारा, कागदावर सगळ्यात भारी. खाली खोलवर वर्षभर तापमान जवळपास तेच असतं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही सीओपी फार पडत नाही आणि बाहेर पंखाही नाही. पण त्यासाठी १०० मीटरच्या आसपास खोल बोअर, नाहीतर अख्ख्या बागेत चर खणायचे. नवीन घर बांधताय, जागा आहे, थंडी जबरदस्त आहे, तर नक्की विचार करा. राहत्या घरात, बाहेरच्या हवेतून उष्णता घेणारा चालत असताना, मला नाही पटत.

आता बिल वाचेल का? विजेच्या एका युनिटचा भाव भागिले गॅसच्या एका युनिटचा, दोन्ही किलोवॅट-तासात. उत्तर ३ आलं आणि बॉयलर ९० टक्के एफिशियंट असेल तर हीट पंपाचा सरासरी सीओपी २.७ च्या वर हवा, तरच बिल कमी. कॉइलच्या हीटरवरून येत असाल तर गणित करायची गरजच नाही. मधला मार्ग म्हणजे हायब्रिड, एरवी हीट पंप आणि अगदी कडाक्याला गॅस. फर्नेस नवी असेल तर ठीक, नाहीतर दोन मशीनची सर्व्हिसिंग कोण करत बसणार.

साइजच्या बाबतीत मात्र हयगय नको. माझ्याकडे तीन कॉन्ट्रॅक्टर आले. एकाने जुन्या बॉयलरची पाटी वाचून तोच आकडा लिहिला, दुसऱ्याने चौरस फूट विचारले, तिसरा टेप घेऊन खिडक्या मोजत फिरला आणि मागच्या हिवाळ्याची गॅसबिलं मागितली. तिसऱ्याचा आकडा पहिल्याच्या जवळजवळ निम्मा. जुने बॉयलर आणि फर्नेस बऱ्याचदा गरजेपेक्षा मोठे बसवलेले असतात, आणि मोठा हीट पंप सौम्य दिवसात चालू-बंद होत राहतो, वीज जास्त खातो, कॉम्प्रेसर लवकर झिजतो. काम तिसऱ्याला दिलं हे सांगायला नकोच.

बसवताना समोर उभं राहा. पाइपात नायट्रोजन भरून लीक टेस्ट केली का, आतली हवा काढून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या (हे दाबाचं माप) खाली नेऊन तिथे टिकतोय का हे गेजवर दाखवायला सांगा. बॅकअप हीटर (हीट पंप कमी पडला की मदतीला येणारा कॉइलचा हीटर) किती डिग्रीला चालू होतो तेही विचारून घ्या. आणि रात्री थर्मोस्टॅट फार खाली आणायची सवय सोडा, सकाळी एकदम वर केलं की हाच बॅकअप सुरू होतो आणि वाचवलेलं सगळं तिथेच जातं.

आउटडोअरची जागा मात्र मीच चुकलो. पहिल्याच गारठ्यात पहाटे खिडकीतून बघतो तर युनिटमधून पांढरे लोट, मी चपला घालून धावलो, म्हटलं पेटलं! ते डिफ्रॉस्ट होतं, कॉइलवरचा बर्फ वितळवून वाफ सोडत होतं, एकदम नॉर्मल. नॉर्मल नव्हतं ते खालचं. वितळलेलं पाणी फरशीवर येऊन परत गोठलेलं, आणि ती फरशी म्हणजे आमचा दारापर्यंतचा रस्ता. आपटलोच. आता युनिट उंच स्टँडवर आहे, खाली खडीचा खड्डा आहे, पाणी तिथेच मुरतं.