मांडवी एक्सप्रेस आणि जॉर्ज फर्नांडिस यांची रेल्वे

गाडी क्रमांक १०१०३, मांडवी एक्सप्रेस, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी सुटते आणि कोकणातला प्रवास दिवसाउजेडी घडवते. गावी जाणाऱ्या बहुतेक चाकरमान्यांना रात्रीची गाडी बरी वाटते, कारण रजेचा एक दिवस वाचतो. तरीही हा मार्ग डोळे भरून पाहायचा असेल तर एकदा तरी मांडवीने जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गेल्या जुलैत मी तिने कुडाळपर्यंत गेलो, शयनयान डब्यातल्या खिडकीशी बसून. हा अभिप्राय त्या प्रवासाचा आहे आणि ज्या माणसाने रेल्वेमंत्रिपदाच्या जेमतेम वर्षभरात कोकण रेल्वेचे काम मार्गी लावले, त्या जॉर्ज फर्नांडिस यांच्या कारकिर्दीचाही आहे. माझ्यापुरते तरी या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

माझे वडील मुंबईतल्या एका रेल्वे कारखान्यात फिटर होते. ८ मे १९७४ रोजी रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप सुरू झाला आणि २७ मे रोजी तो मागे घेतला गेला. त्या वीस दिवसांत आमच्या घरी वडिलांचा पितळी डबा फळीवर पालथा पडून होता, आणि आई रोज सकाळी सवयीने तो हातात घेऊन पुन्हा ठेवून देत असे, एवढे मला लख्ख आठवते. ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष म्हणून जॉर्ज या संपाचे पुढारी होते. संप सुरू होण्याआधीच, मेच्या सुरुवातीला, लखनौला त्यांना अटक झाली होती. सुमारे १७ लाख कामगार संपात उतरले आणि हजारो तुरुंगात गेले. सरकारने संप मोडून काढला. पण बोनस ही त्या संपातली एक मुख्य मागणी होती आणि १९७९ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांना उत्पादकतेशी निगडित बोनस लागू झाला. वडील त्या बोनसला शेवटपर्यंत ‘जॉर्जचा बोनस’ म्हणत.

मंगळूरला १९३० मध्ये जन्मलेला, सोळाव्या वर्षी पाद्री होण्यासाठी बंगळूरला पाठवलेला आणि तिथले शिक्षण अर्धवट सोडून १९४९ मध्ये मुंबईत आलेला हा मुलगा सुरुवातीला चौपाटीवर झोपत असे. गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांच्या हाताखाली तो संघटनेचे काम शिकला. पुढे महापालिकेचे कामगार, बेस्टचे कामगार, टॅक्सीचालक आणि हॉटेलांत राबणारी पोरे ही जॉर्ज यांची माणसे झाली. त्यांनी हाक दिली की मुंबई थांबे. म्हणूनच लोक त्यांना बंदसम्राट म्हणत. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईतून त्यांनी स. का. पाटील यांना हरवले, तेव्हा शहरावर ज्यांची हुकमत होती त्या काँग्रेस पुढाऱ्याला एका कामगार पुढाऱ्याने घरी बसवले. जॉर्ज राष्ट्रीय राजकारणात गेले ते असे, कामगार चळवळीच्या दारातून.

आणीबाणीत बडोदा डायनामाइट प्रकरणात, म्हणजे स्फोटांचा कट रचल्याच्या आरोपाखाली, ते कैदेत होते आणि १९७७ मध्ये तुरुंगातूनच मुझफ्फरपूरची लोकसभा निवडणूक त्यांनी जिंकली. त्यानंतर ते उद्योगमंत्री झाले. हा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून मी सरळ १९८९ कडे येतो.

कोकणात रेल्वे यावी म्हणून अ. ब. वालावलकर यांनी आयुष्य वेचले. बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर मधु दंडवते यांनी राजापूरचे खासदार म्हणून संसदेत हा प्रश्न लावून धरला. अडचण नेहमी एकच होती: रेल्वेच्या अर्थसंकल्पातून दरवर्षी मिळणाऱ्या तुटपुंज्या रकमेत सह्याद्रीच्या कुशीतून मार्ग काढायचा तर पिढ्या सरल्या असत्या. डिसेंबर १९८९ मध्ये जॉर्ज रेल्वेमंत्री झाले आणि दंडवते अर्थमंत्री. एकाच्या हाती रेल्वे आणि दुसऱ्याच्या हाती तिजोरी, असा योग कोकणच्या वाट्याला पुन्हा आला नसता. त्यांनी अर्थसंकल्पाची वाट पाहिली नाही. केंद्र सरकार आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ ही चार राज्ये यांच्या भागभांडवलावर स्वतंत्र महामंडळ उभे करायचे, उरलेला पैसा रोख्यांतून उभारायचा आणि काम ई. श्रीधरन यांच्यासारख्या अभियंत्याच्या हाती मोकळेपणाने सोपवायचे, असे ठरले. १९ जुलै १९९० रोजी महामंडळ स्थापन झाले आणि १५ सप्टेंबरला रोह्याला पायाभरणी झाली. नोव्हेंबरात सरकार पडले, पण तोवर काम असे बांधले गेले होते की पुढच्या कोणाला ते सहज मोडता आले नसते. मागण्या कागदावर राहू द्यायच्या नाहीत, करारावर सही घेऊनच उठायचे, ही युनियनमध्ये अंगी बाणलेली शिस्त मला या घाईत दिसते. वडिलांच्या पिढीला गाड्या थांबवणारा जॉर्ज माहीत होता. माझ्या मते गाडी सुरू करणारा जॉर्ज त्याच मातीचा होता.

आता गाडीविषयी. शयनयानाची खिडकी उघडते, वातानुकूलित डब्याची उघडत नाही, आणि पावसाळ्यात या मार्गावर हा फरक फार मोठा आहे. ओल्या मातीचा वास काचेतून येत नाही. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात आज आपण ज्या मऊ बाकावर बसतो, त्या गादीची सुरुवात दंडवते यांनी जनता राजवटीत रेल्वेमंत्री असताना केली, हेही बसता बसता आठवले. चिपळूण सोडल्यावर डोंगर जवळ येतात. उक्षीजवळ रानपाटचा धबधबा इतक्या जवळून कोसळतो की डब्यातली सगळी माणसे एका बाजूला गोळा होतात. लगेच करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. गप्पा आपोआप थांबतात आणि कातळावर आपटून परत येणारा गाडीचा आवाज तेवढा उरतो. रत्नागिरीच्या पुढे पानवलचा पूल आहे, ६४ मीटर उंचीचा. खाली पाहिले तर झाडांचे शेंडे दिसतात आणि खांब मात्र दिसत नाहीत.

खाण्याच्या बाबतीत मांडवीचा लौकिक खरा आहे. गरम कटलेट, बटाटावडा, कांदाभजी आणि टोमॅटोचे सूप घेऊन माणसे सतत फिरत असतात. सूप कागदी पेल्यात येते, वर तळलेल्या पावाचे दोन तुकडे असतात, आणि बाहेर पाऊस कोसळत असताना तो पेला दोन्ही हातांत धरून बसण्याचे सुख मी शब्दांत पुरते सांगू शकणार नाही. जेवण मात्र साधे आहे. त्यापेक्षा असेच थोडे थोडे खात जावे.

मार्गाचा बराच भाग एकेरी आहे, त्यामुळे समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी थांबावे लागते. पावसाळ्याचे वेळापत्रक वेगळे असते आणि वेगावर मर्यादा असते, हे घाई असलेल्यांनी जमेस धरावे. वैभववाडीला २००३ मध्ये आणि करंजाडीला २००४ मध्ये ऐन जूनमध्ये झालेल्या अपघातांनंतर या सावधगिरीविषयी माझी तरी तक्रार नाही. अशाच एका थांब्यात रुळालगत उभ्या असलेल्या गस्तीच्या कामगाराशी खिडकीतून बोलणे झाले. अंगावर पिवळा रेनकोट, हातात गुंडाळलेला झेंडा, पाठीला हत्यारांची पिशवी. रात्रीही चालावे लागते का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “काका, पाऊस असला की रात्रीच जास्त चालायचं. आमची कलमं या रुळाखाली गेली, म्हणून ही नोकरी मिळाली. आता हा रूळच आमची बाग.” तेवढ्यात समोरून मालगाडी गेली आणि आमची गाडी हलली.

भाड्याविषयी एक गोष्ट मनापासून मांडतो. या मार्गावर प्रवासी भाड्यासाठी प्रत्यक्ष अंतरापेक्षा ४० टक्के जास्त अंतर धरले जाते. बांधणीच्या कर्जाचा भार असताना ते समजण्यासारखे होते; पण संपूर्ण मार्ग खुला झाला जानेवारी १९९८ मध्ये, आणि त्याला आता पाव शतक उलटून गेले आहे. सामान्य डब्यात दाराशी पोते टाकून बसलेल्या माणसाकडून हा अधिभार घेणे थांबले पाहिजे. हा मार्ग त्याच्यासाठीच मागितला गेला होता.

जॉर्ज पुढे संरक्षणमंत्री झाले, सियाचिनला जवानांना भेटायला पुन्हा पुन्हा गेले, त्यांच्यावर आरोप झाले, त्यांनी राजीनामा दिला आणि ते परतही आले. जुन्या समाजवादी सोबत्यांना त्यांची भाजपशी झालेली युती कधी रुचली नाही, आणि ती खंत मलाही आहे. २९ जानेवारी २०१९ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, त्याआधीची काही वर्षे स्मृतिभ्रंशात गेली होती.

कुडाळला उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता. गाडी मडगावकडे निघून गेली. तिच्यापुढे रूळ कारवार, उडुपी करत मंगळूरपर्यंत जातात. पूर्वी मुंबईहून मंगळूरला आगगाडीने जायला ४१ तास लागत, ते आता १५ च्या आसपास आले आहेत. पुढच्या खेपेस मी मंगळूरला जाणाऱ्या मत्स्यगंधा एक्सप्रेसचे तिकीट काढणार आहे, शेवटच्या स्थानकापर्यंतचे.